चार भाषांची मुले आणि एक बालघर : नांदेडमधील एका मॉन्टेसरी बालवाडीचा दोन वर्षांचा अनुभव

आमच्या घरात एका वेळी तीन भाषा चालतात. माझे माहेर परभणीचे, त्यामुळे मी मुलीशी मराठीत बोलते. सासूबाई निजामाबादच्या, त्यांची भाषा तेलुगू, आणि मुलगी त्यांना तेलंगणाच्या पद्धतीप्रमाणे बापम्मा म्हणते. शेजारच्या दोन्ही घरांत दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू बोली, बोलली जाते, आणि संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या मुलांची ती सामाईक भाषा आहे. इंग्रजीचा आग्रह कोणी केला नाही तरी ती मोबाइलमधून आणि दुकानांच्या पाट्यांवरून घरात येतेच. मुलगी अडीच वर्षांची असताना "बापम्मा, मला नीळ्ळु दे, दूध नक्को" असे एका दमात म्हणायची; नीळ्ळु म्हणजे तेलुगूत पाणी. मला त्यात काही वावगे वाटत नव्हते, परंतु ज्या पहिल्या बालवाडीत आम्ही चौकशीला गेलो, तिथे आम्हाला सांगण्यात आले की घरी एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी बोला, नाहीतर लेकरू गोंधळून जाईल. हे सगळे सासूबाईंच्या समोरच झाले, आणि त्यांना हिंदी कळते, त्यामुळे त्यांना ते समजले. घरी परत येताना त्या रिक्षात काहीच बोलल्या नाहीत, आणि पुढचे आठ दिवस नातीशी त्या मोडक्या मराठीत बोलू लागल्या. ते आठ दिवस मला अजून सलतात.

त्यानंतर शोधता शोधता आम्ही या बालघरात पोहोचलो. इथे एकूण बावीस मुले आहेत आणि जागा दरवर्षी लवकर भरतात, शिवाय संचालिकाबाईंना जाहिरात नको आहे, म्हणून नाव देत नाही. दोन वर्षांत तिथे जे पाहिले ते चांगल्या-वाइटासकट लिहावे असे वाटते, कारण नांदेड, देगलूर, धर्माबाद, उदगीर या पट्ट्यात आमच्यासारखी घरे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना योग्य सल्ला क्वचितच मिळतो.

प्रथम एक सावधगिरीची गोष्ट. मॉन्टेसरी या नावावर कोणाचीही मालकी नाही. कोणत्याही शिशुवर्गाच्या पाटीवर ते रंगवता येते, आणि आपल्याकडे ते सर्रास रंगवले जाते. म्हणून पाटी न पाहता खोली पाहावी. या बालघरात बाके नाहीत आणि फळ्यासमोर रांगा नाहीत. मुलांच्या हाताला येतील अशा उंचीची उघडी फडताळे आहेत, प्रत्येक साहित्याचा एकच संच आहे आणि तो दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबावे लागते. अडीच ते सहा वर्षांची मुले एकाच खोलीत बसतात, आणि सकाळी नऊ ते बारा या तीन तासांत तास बदलण्याची घंटा वाजत नाही. मूल आपली चटई अंथरते, साहित्य आणते, हवे तितका वेळ काम करते आणि वस्तू जागेवर ठेवून चटई गुंडाळते. दहा घनांचा गुलाबी मनोरा, दांडीचे लाकडी दट्टे बसवायच्या पेट्या, सोनेरी मणी हे सर्व आहे, व ते स्थानिक सुताराकडून पण मापे काटेकोर ठेवून करून घेतले आहे. मनोऱ्याचा सर्वांत लहान घन एक सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा असावा लागतो. मी पट्टी घेऊन मोजले, आणि ते तसेच आहेत.

मला सर्वाधिक भावला तो रोजच्या कामांचा कोपरा. तिथे ज्वारी, तूर आणि हरभरा वेगवेगळा निवडणे, भुईमुगाच्या शेंगा सोलणे, तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतणे, कापसातून सरकी काढणे आणि वाती वळणे अशी कामे मांडलेली असतात. वात वळताना अंगठा आणि तर्जनी ज्या रीतीने चालतात, तीच बोटे पुढे पेन्सिल धरतात; लिहिण्यासाठी हात असा आधीपासून तयार होतो, हे ताईंनी मला समजावून सांगितले तेव्हा माझ्या आजीचे देवघर डोळ्यांसमोर आले. एप्रिलमध्ये नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येऊ लागले की ओतण्याचे काम पाण्याऐवजी ज्वारीवर चालते, आणि उरलेसुरले पाणी मुलेच तुळशीला घालतात. टंचाईच्या गावात बालवाडीने असेच वागायला हवे.

भाषेचे शिक्षण या कोपऱ्यातच सुरू होते. मॉन्टेसरी पद्धतीत शब्द शिकवण्याची तीन पायऱ्यांची एक साधी रीत आहे, जी मूळ फ्रेंच वैद्य सेगँ यांच्याकडून घेतलेली आहे. पहिल्या पायरीवर ताई वस्तू हातात देऊन फक्त नाव सांगतात: "हे मोठे, हे लहान." दुसऱ्या पायरीवर विचारतात: "लहान कुठले? मला दे." आणि मुलाने ते बिनचूक दिले, तरच, कदाचित दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या पायरीवर विचारतात: "हे काय आहे?" दुसऱ्या पायरीवर मूल अडखळले तर त्याला चूक म्हणत नाहीत, शांतपणे साहित्य उचलून ठेवतात आणि पुन्हा कधीतरी पहिल्यापासून सुरू करतात. अनेक भाषांत वाढणाऱ्या मुलासाठी या रीतीचे मोल फार मोठे आहे, कारण कळणे आणि बोलणे यांच्यामध्ये जे अंतर असते ते इथे गृहीत धरलेले आहे. एखाद्या भाषेतले सर्व कळते पण मूल अजून त्या भाषेत बोलत नाही, या अवस्थेला इथे उणीव मानत नाहीत.

भाषांचे वाटप माणसांनुसार आहे, वेळापत्रकानुसार नाही. मोठ्या ताई सर्वांशी मराठीतच बोलतात. दुसऱ्या ताई धर्माबादच्या आहेत. त्यांच्या घरी तेलुगू आहे, आणि ज्या सहा-सात मुलांच्या घरी ती आहे त्यांच्याशी त्या तेलुगूतच बोलतात. तोच मनोरा, तीच रीत, मात्र "पेद्दा" आणि "चिन्ना" या शब्दांनी. मावशी दखनी बोलतात आणि डबे, हात धुणे, चपला हे सगळे त्यांच्याकडे असल्याने दखनी आपोआप सर्व मुलांना येते. मोठ्या माणसाने आपली भाषा सहसा बदलायची नाही, मुलाने कोणत्याही भाषेत उत्तर द्यावे, आणि त्याचे वाक्य तोडून दुरुस्त न करता आपण तीच गोष्ट आपल्या भाषेत नीट म्हणावी, असा येथील नियम आहे. माझी मुलगी तेलुगू ताईंना मराठीत काही सांगते, त्या तेलुगूत उत्तर देतात आणि दोघींचे काम सुरळीत चालते. भाषांची सरमिसळ करणारे मूल गोंधळलेले नसते, ते हाताशी असलेला शब्द वापरत असते, ही गोष्ट भाषेचा अभ्यास करणारे बऱ्याच काळापासून सांगत आले आहेत. पण ती रोज डोळ्यांनी पाहिल्यावरच माझ्या सासूबाईंचा त्यावर विश्वास बसला.

आता अक्षरांविषयी, कारण माझ्या मते या बालघराचे खरे सामर्थ्य तिथे आहे. लाकडी पाटीवर पॉलिश पेपरची अक्षरे चिकटवलेली असतात, व्यंजने गुलाबी पाटीवर आणि स्वर निळ्या पाटीवर. मूल दोन बोटे अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवते आणि त्याच वेळी आवाज ऐकते व म्हणते. 'क कमळातला' असे पाठांतर नाही, फक्त 'क'. सुरुवात वर्णमालेच्या क्रमाने होत नाही. आपल्याकडच्या जुन्या शिक्षकांनी वळणाच्या सारखेपणावरून ग-म-भ-न असा क्रम लावला होता, तोच इथे थोड्या फेरफाराने वापरतात. पाच-सहा अक्षरे बोटांना ओळखीची झाली की सुट्या अक्षरांची पेटी मिळते आणि मूल लिहिता येण्याआधीच चटईवर शब्द मांडू लागते: नख, घर, मगर, बदक. वाचन त्यानंतर येते. हा क्रम पालकांना उलटा वाटतो, मलाही वाटला होता, पण मनात असलेला शब्द मांडणे हे दुसऱ्याने मांडलेला शब्द उलगडण्यापेक्षा मुलाला सोपे जाते, याचा अनुभव मी घरी घेतला आहे.

इटालियन आणि इंग्रजीसाठी घडलेली ही रीत देवनागरीला जशीच्या तशी लागू होत नाही, आणि ताईंनी त्यावर केलेले काम नोंद घेण्याजोगे आहे. इंग्रजीत व्यंजन आणि स्वर एकापुढे एक येतात. आपल्याकडे 'क' मध्येच 'अ' बसलेला असतो आणि इतर स्वर मात्रा होऊन वर, खाली, पुढे, मागे चिकटतात. त्यांनी मात्रांचे निळे तुकडे वेगळे कापून घेतले आहेत, म्हणजे स्वराचा रंग मात्रेतही टिकतो आणि 'का' मधला काना आणि 'आ' हे एकाच घरचे आहेत हे मुलाला न सांगता दिसते. खरी अडचण पहिल्या वेलांटीची येते. 'दिवा' म्हणताना कानाला आधी 'द' ऐकू येतो आणि मग 'इ', पण लिहिताना वेलांटी 'द'च्या डावीकडे येते. माझ्या मुलीने पहिल्यांदा 'दिवा' मांडला तेव्हा तिने आधी 'द' ठेवला, त्याच्या उजवीकडे वेलांटी ठेवली आणि मग 'वा'. ताईंनी तो पुसला नाही की हलवला नाही. दोन दिवसांनी त्यांनी फक्त वेलांटीचे तुकडे घेऊन तिच्यासोबत दिवा, किडा, चिमणी, हे शब्द बसवले, आणि प्रत्येक वेळी वेलांटीसाठी पहिल्या अक्षराच्या आधी जागा मोकळी ठेवायला लावली. तिसऱ्या आठवड्यात मुलगी स्वतःहून थांबून म्हणाली, "ही आधी बसते, पण मागून बोलते." त्या वाक्यात देवनागरीचा एक नियमच आहे.

दुसरे उदाहरण 'च'चे. मराठीत 'चहा'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळे उच्चारले जातात, पण अक्षर एकच आहे. ताई दोन्ही उच्चारांच्या वस्तू दोन वाट्यांत ठेवतात आणि मुलांना कानाने वेगळ्या करायला सांगतात. हिंदीच्या वळणाने शिकलेल्या मुलांना हा फरक ऐकूच येत नाही. आमच्या घरी तो सहज आला, कारण तेलुगूतही हे दोन्ही उच्चार आहेत, आणि 'खूप' या अर्थी बापम्मा जो 'चाला' शब्द वापरतात, त्यातला च 'चमचा'तल्यासारखाच असतो. 'ळ'चेही तसेच; पाण्याला नीळ्ळु म्हणणाऱ्या मुलीला 'कमळ' शिकवावे लागले नाही. एक भाषा दुसरीला अडवते, असे आम्हाला त्या पहिल्या बालवाडीत सांगितले गेले होते. इथे बापम्मांच्या तेलुगूने मराठीचे वाचन सोपे केले.

लिपीच्या बाबतीत बालघराचे धोरण सावध आहे. कान आणि जीभ कितीही भाषांना मोकळी, पण वाचन-लेखन आधी एकाच लिपीत, आणि ते पक्के झाल्यावरच दुसऱ्या लिपीत. मला हे पटते, पण त्याचा एक परिणाम असा की तेलुगू अक्षरांचे साहित्य तिथे अजिबात नाही, आणि घरी उर्दू वाचली जाते अशा मुलांसाठी उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरेही नाहीत.

या सगळ्याला आपल्याच मातीतला आधार आहे, हे सांगायला हवे. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडणाऱ्या डॉ. मारिया मॉन्टेसरी १९३९ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतात राहिल्या. त्या इटालियनमध्ये बोलत, त्यांचा मुलगा मारिओ त्याचे इंग्रजी करी, आणि शिकणारे ते आपापल्या भाषांत घेऊन जात. त्याही आधी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता, आणि १९४५ मध्ये ताराबाई पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी गेल्यावर त्यांनी व अनुताई वाघ यांनी महागड्या साहित्याऐवजी शिंपले, बिया, पाने आणि खडे घेऊन हेच शिक्षण खेड्यातल्या आणि पाड्यांवरच्या मुलांपर्यंत नेले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार त्यांचाच. इथले सरकी आणि ज्वारीचे कोपरे त्या परंपरेत बसतात, आणि म्हणूनच ते मला परदेशी संचांनी भरलेल्या चकचकीत खोल्यांपेक्षा अधिक अस्सल वाटतात.

आता उणिवा. पहिली दखनीची. मावशींना दखनी बोलू देतात, पण मोठ्या ताई पहिल्या वर्षी मुलांच्या तोंडी 'नक्को' आणि 'कायकू' आले की 'नहीं चाहिए' आणि 'क्यों' अशी दुरुस्ती करीत. इतर सर्व भाषांना न लावलेला नियम एका भाषेला लावणे अन्यायाचे होते. औरंगाबादच्या वली या कवीची परंपरा सांगणारी ही बोली आहे, आणि 'नक्को' तर आपल्या 'नको'चेच रूप आहे. ते पुसायचे म्हणजे आपलाच शब्द पुसायचा. मी हे पालकसभेत बोलले, आणखी दोन मातांनी साथ दिली, आणि ताईंनी ते मोकळ्या मनाने ऐकून घेतले. आता ती दुरुस्ती थांबली आहे, तरी मावशींना अजून कोणी धडा घेऊ देत नाही, आणि तो त्यांनी घ्यायला हवा असे माझे मत कायम आहे.

दुसरी उणीव गंभीर आहे. गेल्या वर्षी तांड्यावरून शहरात आलेल्या कुटुंबातला एक मुलगा दाखल झाला. घरी त्याची भाषा गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, आणि ती बोलणारे बालघरात कोणीही नव्हते. तो जवळजवळ दीड महिना बोलला नाही. ताईंनी त्याच्यावर बोलण्याची सक्ती केली नाही, हे बरोबर केले. नव्या भाषेत पडलेली अनेक मुले काही काळ अशी गप्प राहून ऐकत असतात. पण त्याच्या याडीला, म्हणजे आईला, आठवड्यातून एक दिवस वर्गात बसायला बोलवावे हे सुचायला दीड महिना लागायला नको होता. त्या बाईंनी पहिल्याच दिवशी मुलासोबत वाती वळल्या, आणि मुलगा बोलू लागला. ज्या जिल्ह्यात इतके तांडे आहेत तिथे ही तयारी प्रवेशाच्या दिवशीच असावी.

इंग्रजीचा भाग सर्वांत कच्चा आहे. इंग्रजीच्या ताई आठवड्यातून दोनच दिवस येतात, गाणी आणि छोट्या वाक्यांपुरते त्यांचे काम चांगले आहे. परंतु पालकांच्या दबावामुळे दुसऱ्या वर्षापासून मोठ्या लिपीतल्या ए-बी-सी-डीची छापील पाने गिरवायला घरी येऊ लागली. मॉन्टेसरी पद्धतीत इंग्रजी अक्षरे लहान लिपीत, आवाजाने आणि बोटाने शिकवतात. ही पाने त्या साऱ्याच्या विरुद्ध जातात. आम्ही ती पाने भरत नाही आणि बालघराने त्याबद्दल कधी विचारलेले नाही. शिवाय रिक्षाच्या वेळेमुळे काही मुले पावणेबारालाच निघतात, आणि शेवटच्या पाव तासात खोलीची शांतता मोडते.

मुलगी आता पाच वर्षांची होईल. ती मराठी वाचते, जोडाक्षरांवर अडते. बापम्मांशी पूर्ण तेलुगूत बोलते, दखनीत भांडते, आणि इंग्रजीत तिला रंग, प्राणी आणि चार-पाच वाक्ये येतात. दुसरीकडे गेलेल्या तिच्या बरोबरीच्या मुलांना इंग्रजी अधिक येते, हे मी लपवत नाही. ज्यांना पाचव्या वर्षी इंग्रजी वाचणारे मूल हवे आहे, त्यांनी इथे येऊ नये. ज्यांच्या घरी आजी वेगळी भाषा बोलते आणि ती भाषा टिकावी असे वाटते, त्यांनी अवश्य यावे. शुल्क वर्षाला सव्वीस हजार रुपये, दोन हप्त्यांत. प्रवेशापूर्वी पालकांना एक सकाळ कोपऱ्यात गप्प बसून पाहू देतात. ही संधी सोडू नये, आणि शक्य असल्यास आजी-आजोबांना सोबत न्यावे.

धाकटा मुलगा येत्या जूनमध्ये तिथे जाईल. तेलुगू अक्षरांचे साहित्य नाही म्हणून सासूबाईंनी ते स्वतः करायला घेतले आहे. निजामाबादला त्या चौथीपर्यंत तेलुगूत शिकल्या, नंतर लिहिण्याचा प्रसंगच आला नाही. आता दुपारी त्या आठवून आठवून कागदावर गोल अक्षरे काढतात, मी ती पॉलिश पेपरवर उतरवून कापते आणि मुलगी पाट्यांना गुलाबी रंग देते. अकरा अक्षरे झाली आहेत. ताईंनी फडताळात एक कप्पा रिकामा ठेवला आहे.